गोवा विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय. वेर्ण्याच्या औषध कंपनीत शिरून वरच्या पदापर्यंत पोहोचता येईल का?

हो, येईल. अंजी रेड्डींनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून पीएच.डी. केली, आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीत नोकरी केली आणि १९८४ मध्ये स्वतःची औषध कंपनी डॉ. रेड्डीज उभी केली. सिप्लाचे युसूफ हमीदही केंब्रिजचे रसायनशास्त्रातले डॉक्टरेट.

पण गोव्यातले बहुतेक कारखाने गोळ्या, कॅप्सूल, इन्हेलर अशी तयार औषधं बनवतात. त्यामुळे इथे मागणी फॉर्म्युलेशन (मूळ औषधाला गोळी-कॅप्सूलचं रूप देणं) आणि विश्लेषणाला. ताळगाव पठारावर, विद्यापीठात आहेस तोवर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं तंत्र, मनापासून शीक. अशुद्धी कुठून आली हे शोधणारा माणूस कंपनीला हवाच असतो. निव्वळ सिंथेसिस, म्हणजे औषधाचा रेणू रासायनिक क्रियांनी बनवणं, हेच करायचं असेल तर हैदराबाद, पुणे, मुंबई.

तिथे खरी परीक्षा स्केल-अपची, म्हणजे प्रयोगशाळेतली रिॲक्शन कारखान्याच्या प्रमाणात करण्याची. शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमधली उष्णता बर्फात सहज निघून जाते. हजारो लिटरच्या रिॲक्टरमध्ये आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार कमी, उष्णता आतच साठते आणि तीच रिॲक्शन हाताबाहेर जाऊ शकते. हे ज्याला कळतं, शिवाय उत्पादन, गुणवत्ता आणि नियामक विभागांशी ज्याचं जमतं, त्याच्याकडे पुढे प्लांटची जबाबदारी येते. तुझे पेपर किती हे फारसं कुणी विचारणार नाही, बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक बॅच कशी बनवली याची नोंद, मात्र बारकाईने तपासलं जाईल.

पहिली नोकरी पगार बघून घेऊ नकोस, प्लांटवर उभं राहायला मिळतं का ते बघ.