मुलांना पण ईटिंग डिसऑर्डर होतो का? हो, मला झाला होता

ताई, तुम्ही विचारलंय की 17 वर्षांच्या भावाने जिम लावल्यापासून पोळी-भात सोडलाय, दिवसातून चार वेळा वजन करतो, आणि घरचे म्हणतात हे असलं मुलींना होतं. मुलांनाही होतं हो, ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खाण्या-वजनाच्या विचारांनी पछाडणारा मानसिक आजार. मला बारावीनंतर झालं होतं, इथेच पुण्यात.

माझं पर्वतीपासून सुरू झालं. आधी सकाळी एकदा चढायचो, मग दोनदा, मग संध्याकाळी पण, आणि पावसामुळे चुकलं तर त्या दिवशी जेवायचंच नाही. आईचा डबा मित्रांना वाटून टाकायचो. गणपतीत आजीने केलेला मोदक रुमालात गुंडाळून खिशात टाकला होता, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. आणि नातेवाईक म्हणायचे काय फिट झालायस रे, आमच्या पोराला पण सांग जरा! नाडी 44 वर आली तर जिमच्या ट्रेनरने तेही फिटनेसचंच लक्षण ठरवलं. मुलगी असती तर कोणीतरी हटकलं असतं.

रात्री झोप यायची नाही, मिसळ आणि बिर्याणीचे व्हिडिओ बघत बसायचो, वाटायचं मी वेडा झालोय. मग सायकियाट्रिस्टनी सांगितलं की 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, त्यांच्याही डोक्यात दिवसभर खाणंच, काही जण तर रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले. उपाशी मेंदू असाच वागतो म्हणाले. तिथेच रडलो मी.

भाऊ हाडकुळा दिसत नाही म्हणून थांबू नका, पिळदार दंडाच्या मुलांनाही हे होतं. चक्कर, हातपाय गार पडणं, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाणं यातलं काही असेल तर फिजिशियनकडे नेऊन ईसीजी आणि रक्त तपासा, आणि सायकियाट्रिस्टही गाठा. बळजबरीने ताट भरून खायला घालू नका, फार दिवस उपाशी राहिलेल्याने एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयावर येऊ शकतं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि त्याच्या वजनाबद्दल, शरीराबद्दल घरात कोणी काहीच बोलायचं नाही, कौतुक पण नाही. माझे बाबा रोज रात्री नुसते माझ्या शेजारी ताट घेऊन बसायचे, मॅचबद्दल बोलायचे, मी अर्धी पोळी संपवेपर्यंत उठायचे नाहीत.