मिरचीची आग पाण्याने का जात नाही?

प्रश्न : लवंगी मिरचीचा खरडा केला की हात रात्रीपर्यंत चुरचुरतात. कितीदाही पाण्याने धुतले तरी तेच. सासूबाई म्हणतात, गोडं तेल चोळ. आगीत तेल कशाला, असं मला वाटतं. खरं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंचं ऐका. रसायनशास्त्र त्यांच्याच बाजूने आहे.

आग होते ती मिरचीतल्या कॅप्सेसिन या तिखट द्रव्यामुळे. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून हात नळाखाली कितीही वेळ धरले तरी ते कातडीला चिकटून राहतं. रेणू मोठा म्हणून विरघळत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण साखरेचा रेणू त्याहून जड आहे! साखरेचा रेणुभार ३४२, कॅप्सेसिनचा ३०५; तरी साखर चहात बघता बघता नाहीशी होते. तेव्हा वजन सोडा, रेणूला काय कुठे जोडलंय ते बघा.

पाण्याचा रेणू सरळ रेषेत नसतो. मधे ऑक्सिजन आणि दोन बाजूंना हायड्रोजन, १०४.५ अंशांच्या कोनात. ऑक्सिजनपाशी थोडा ऋण भार, हायड्रोजनपाशी थोडा धन. म्हणून शेजारचे रेणू एकमेकांना धरून असतात. साखरेच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या असतात, त्या पाण्याला धरता येतात. कॅप्सेसिनला अशी जोडी एकच, तीही एका टोकाला. दुसरीकडे कार्बन-हायड्रोजनची लांब शेपटी. तिच्यावर भार जवळजवळ नाहीच, मग पाण्याने धरायचं काय? तेलाचं आणि पाण्याचं वैर असतं, असं शाळेत सांगतात; मला ते कधीच पटलं नाही. वैरबिर काही नसतं. पाण्याला पाणी सोडवत नाही, एवढंच.

तेलाच्या रेणूला तशाच शेपट्या असतात, त्यामुळे कॅप्सेसिन तेलात सहज उतरतं. मिनिटभर चोळा, कोरड्या फडक्याने पुसून काढा (न पुसता धुवायला गेलात तर आग मनगटापर्यंत पोचेल) आणि मग साबण लावा. साबणाच्या रेणूचं एक टोक भारित, दुसरं शेपटीचं; शेपटी तेलात शिरते, भारित टोक पाण्यात राहतं आणि तेल धुऊन निघतं.

तोंड पोळलं तर पाण्याऐवजी दूध किंवा ताक प्या. त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरतं, आणि लोणी काढलं तरी ते ताकात उरतं. डोळ्यांना मात्र साबणाने धुतल्यावरही लगेच हात लावू नका. लेन्स वापरत असाल तर हातमोजे घालूनच खरडा करा.