‘तू सांग’ म्हटलं की दोन मुलं उभी राहतात

“मी एखाद्याकडे बघून ‘तू सांग’ म्हटलं ना मॅडम, की दोन मुलं उभी राहतात. म्हणून मी नावंच घेते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाची नावं पाठ असतात मला.”

29 वर्षांच्या त्या बाई हसत सांगत होत्या. प्राथमिक शाळेत शिकवतात. उजवा डोळा लहानपणापासून नाकाकडे वळलेला. (ओळख पटू नये म्हणून इतर तपशील बदलले आहेत.) सोबत आई होत्या आणि मूळ तक्रार त्यांची होती. “डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात ऑपरेशन होईल. आम्ही स्थळं बघतोय. पण ही ऐकतच नाही. तुम्ही जरा समजवा हिला.”

मी समुपदेशक; ‘समजवा’ म्हटलं की मी सावध होते. आईंना बाहेर चहा दिला आणि बाईंशी एकटीने बोलले.

पहिली भीती मावशीकडून आलेली होती: डोळा बाहेर काढतात, दुरुस्त करतात, परत बसवतात. दुसरी त्यांची स्वतःची होती. “इतकी वर्षं निभावलं. आता नुसत्या दिसण्यासाठी डोळ्याला सुरी लावायची, आणि होतं ते दिसणंही गेलं तर?”

वैद्यकीय उत्तरं देणं माझं काम नाही. आम्ही प्रश्न वहीत लिहिले आणि पुढच्या तपासणीला त्या ती वही घेऊन गेल्या. डॉक्टरांनी डोळ्याचं चित्र काढून दाखवलं. प्रत्येक डोळा हलवणारे 6 स्नायू असतात आणि शस्त्रक्रिया त्यांच्यावर होते, बुबुळाला हात लागत नाही. डोळा खोबणीतच राहतो. वरचा पातळ पडदा उघडून घट्ट स्नायू काही मिलिमीटर मागे शिवला की तो सैलावतो, आणि सैल असलेला आखूड करून ताणता येतो. किती मिलिमीटर, ते आधी प्रिझमच्या काचा धरून मोजतात. नजर जाण्याचा धोका अगदी विरळा, पण शून्य नाही. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. वयाची आडकाठी नाही.

एक गोष्ट मात्र बाईंना लागली. डोळा सरळ झाला तरी त्याची नजर वाढणार नव्हती. वळलेल्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू लहानपणीच बाजूला टाकायला लागतो आणि तो डोळा ‘आळशी’ होतो. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून त्याला कामाला लावायचं वय बालपणाचं. त्या वयात आजी म्हणाली होती, “असू दे, तिरळी पोर भाग्याची असते.” या ‘लकी’ प्रकरणाचा मला खरंच राग येतो. काही मुलांचा डोळा तर नुसत्या चष्म्याने सरळ होतो, पण तपासायला कुणी नेलं तर ना! (मोठेपणी अचानक डोळा वळला किंवा दोन-दोन दिसायला लागलं, तर मात्र माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

वही भरली, शंका फिटल्या, तरी बाई ‘बघू’च म्हणत होत्या. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “समजा घरात लग्नाचा विषयच नसता, तर?”

बराच वेळ त्या ओढणीचं टोक गुंडाळत बसल्या.

“तर दोन वर्षांपूर्वीच केलं असतं. मला वर्गासाठी हवंय. पण आता केलं तर ते स्थळासाठी केलं असं होणार. भांड्याला कल्हई करून मांडतात तसं.” मग खाली बघत म्हणाल्या, “आणि मॅडम, आजवर नकार आला की आम्ही म्हणायचो, डोळ्यामुळे. डोळा सरळ झाल्यावरही नकार आला, तर काय म्हणायचं?”

ही भीती मी याआधीही पाहिली आहे, बोलून दाखवणारी माणसं कमी. पुढच्या दोन भेटी आम्ही तिच्यावरच घालवल्या. कोणकोणत्या गोष्टी आपण त्या डोळ्याच्या खात्यावर मांडल्या, त्यांतल्या खरंच त्याच्या किती. तिरळेपणावरून नकार देणारे असतात, हे मी नाकारलं नाही. पण डी.एड.नंतरचा अर्धवट सोडलेला अभ्यास डोळ्यामुळे नव्हता, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

मग आईंना आत बोलावलं. बाईंची अट एकच: सहा महिने बायोडेटा कुणाला द्यायचा नाही. “वय थांबतं का कुणासाठी?” आई फणकारल्या. पण शेवटी कबूल झाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या रात्री मला फोन, “मॅडम, सगळं दोन-दोन दिसतंय.” मी म्हटलं, मला नको, डॉक्टरांना लावा. असं होऊ शकतं हे त्यांनी आधी सांगितलेलं, वहीतही होतं. घाबरल्यावर वही कोण उघडतं! आठवड्याभरात ते गेलं, लाली उतरायला तीनेक आठवडे लागले. थकल्यावर डोळा अजून किंचित आत जातो.

लग्नाचं मी विचारलं नाही. जानेवारीत त्या आल्या तेव्हा वेगळीच तक्रार होती. आधी बाई कुठे बघतायत याचा अंदाज नसल्याने मागच्या बाकावरची मुलं गप्प बसायची. आता त्यांना बरोबर कळतं, आणि दंगा वाढलाय.