पन्नासची फोर्ड, शांत ठेवायची की भडक करायची

तू लिहिलंयस की १९५० ची फोर्ड घेतलीय, दोन दरवाजांची, आणि डोक्यात दोन चित्रं आहेत. एक म्हणजे गडद हिरवी, क्रोम काढून टाकलेली, जमिनीला टेकल्यासारखी बसलेली. दुसरं म्हणजे कँडी लाल (तो आतून पेटल्यासारखा चमकणारा रंग), बॉनेटवर रंगवलेल्या ज्वाळा, बाजूला पांढरे पट्टे, सगळं सगळं. आणि वर असंही विचारलंयस की काय बदललंय तेच लोकांना कळणार नसेल तर पैसे कशाला घालायचे. हा प्रश्न मी इथे कॅलिफोर्नियात गेली वीसेक वर्षं ऐकतोय, त्यातली निम्मी वर्षं घरातूनच, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बस.

आधी एक गैरसमज. शांत गाडी म्हणजे कमी काम, असं अजिबात नाही. गडद चकचकीत रंगाच्या दरवाजासमोर उभं राहून त्यात ट्यूबलाइट कशी दिसते बघ, पत्र्यात एवढीशी लाट असली तरी ती ट्यूब सापासारखी वळते. ज्वाळा नि पट्टे असले की नजर त्यांच्यामागे जाते, लाट खपून जाते. म्हणजे भडक गाडीला डेंटर थोडा कमी चांगला असला तरी चालून जातं (चालू नये, पण चालतं), शांत गाडीला नाही.

लॉस एंजेलिसजवळ बरबँकला व्हॅली कस्टम म्हणून गाड्यांचं रूप बदलून देणारं दुकान होतं, नील एमरी आणि क्ले जेन्सन या मेहुण्या-मेहुण्यांचं. माझ्या मते शांत कामात त्यांच्यापुढे कोणी गेलं नाही. त्यांची हातखंडा गोष्ट म्हणजे सेक्शनिंग. चॉप म्हणजे छप्पर खाली आणणं, ते तुला माहितीच आहे, बाकी सगळे तेच करत होते. सेक्शनिंग म्हणजे गाडीच्या धडातूनच एक आडवी पट्टी कापून काढायची, पुढच्या मडगार्डपासून दरवाजातून थेट मागच्या टोकापर्यंत, आणि वरचा भाग खाली आणून पुन्हा जोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण दरवाजा उथळ झाला की काच खाली कुठे जाणार? बॉनेट खाली आलं की रेडिएटर कुठे बसणार? चाकांवरच्या कमानी, आतलं लॉक, डिकीचं झाकण, एकूण एक गोष्ट परत जुळवायची. त्यांनी १९५० ची एक ओल्डस्मोबिल ८८ अशी केली, पॉलिनेशियन म्हणतात तिला. छपराला हात न लावता नुसतं अंग बारीक केलं. ती गाडी नवख्या माणसाला दाखव, तो म्हणेल अरे वा, ओल्डस्मोबिल त्या काळी छान दिसायची. मग शेजारी कंपनीतून आली तशी एक उभी कर, ती एकदम जेवण जास्त झालेल्या काकांसारखी दिसायला लागते. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे बघ. बदल कळत नाही, गाडी चांगली दिसते हे कळतं, आणि का ते कळत नाही म्हणून माणूस तिच्याभोवती दुसरी फेरी मारतो. मी असल्या गाडीभोवती चार फेऱ्या मारल्यात एकदा, बायको लांबून हाका मारत होती.

आता लगेच असं समजू नकोस की हा म्हातारा भडक गाड्यांच्या विरोधात आहे. हिरोहाटा मर्क घे. १९५१ ची मर्क्युरी, बॉब हिरोहाटा नावाच्या तरुणासाठी सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या दुकानात १९५२ मध्ये झाली. सॅम पत्र्याचा माणूस, जॉर्ज गवगवा करण्यातला. छप्पर पुढे ४ इंच आणि मागे ७ इंच खाली आणलं, म्हणजे नुसतं कमी केलं नाही, मागे ओतल्यासारखं उतरवलं. खिडक्यांमधला खांबच काढून टाकला. बाजूला बुइकची क्रोमची पट्टी लावली, जी मागच्या चाकाकडे येताना खाली झुकते. मागे हवेची तोंडं, त्यात क्रोमचे दात. रंग दोन, वर फिकट हिरवा आणि खाली गडद. आता एवढं सगळं एका गाडीवर, कागदावर वाचलं तर सर्कस वाटेल. पण बाजूने फोटो बघ नीट. छप्पर जिथून उतरायला लागतं त्याच चालीने ती पट्टी खाली येते, आणि दोन हिरव्यांची सीमा बरोबर त्या पट्टीवर आहे, वेगळी अशी रेघ कुठे मारलेलीच नाही. म्हणून ती ओरडत नाही. हीच गाडी १९५९ मध्ये एका पोराने ५०० डॉलरला घेतली, पुढे आयुष्यभर सांभाळली आणि परत पहिल्यासारखी केली, आणि २०२२ च्या लिलावात ती २० लाख डॉलरच्या आसपास गेली.

रंगाचंही तेच. लॅरी वॉटसन हा तर रंगाचाच माणूस, त्याने छपरं-बिपरं कापली नाहीत फारशी. १९५८ ची थंडरबर्ड होती त्याची स्वतःची. त्या गाडीला कंपनीनेच एवढ्या घड्या आणि फुगवटे दिले होते की पत्र्याला आणखी काय करणार. त्याने काय केलं, तर अंगभर चंदेरी मोती रंग, आणि कंपनीने जिथे जिथे पत्र्याला घडी घातली होती तिच्या कडेकडेने गडद लाल कँडीची किनार. पैठणीला काठ असतो तसं. पॅनेल पेंटिंग म्हणून जे पुढे सगळ्यांनी उचललं ते हे. भडक आहे का? शंभर टक्के. पण नवी रेघ त्याने मनाने काढली नाही, गाडीत होती तीच वाचून दाखवली. ज्यांनी नंतर नक्कल केली त्यांनी टेप कुठेही चिकटवला, आणि ते पतंगासारखं दिसतं.

यात काळाचाही भाग आहे. १९४९-५० च्या गाड्या गुबगुबीत होत्या, साध्या होत्या, त्यांच्यात काढण्यासारखं आणि खाली आणण्यासारखं खूप होतं. ५७-५८ पासून डेट्रॉइटच्या कंपन्यांनीच शेपट्या, चार-चार दिवे, किलोकिलोने क्रोम लावायला सुरुवात केली, त्याच्यापुढे गॅरेजवाला जाणार कुठे, मग तो रंगाकडे वळला. त्यात शो सुरू झालेले, ट्रॉफ्या आल्या, आणि ट्रॉफीसाठी लांबून दिसायला लागतं. पुढे एड रॉथ नावाच्या कारागिराने १९६१ मध्ये बीटनिक बँडिट नावाची गाडी केली, फायबरचं अंग, वर काचेसारखा पारदर्शक बुडबुडा, स्टिअरिंगच्या जागी दांडी. मला बुडबुडेवाल्या गाड्या आवडत नाहीत, पण तिची तुलनाच करू नये, ती मुळात कुठल्या गाडीची सुधारलेली आवृत्ती नाहीये.

कँडी लालबद्दल मात्र थांब जरा, इथे मी स्वतः पोळलोय. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या जो बेलनचं नाव या रंगाशी जोडलेलं आहे, सांगतात की ओल्या रस्त्यावर मागच्या दिव्यांचा लाल उजेड त्याने पाहिला आणि तो रंग हवा म्हणून वर्षानुवर्षं डबे ढवळत बसला. रंग खरंच तसा दिसतो, आतून पेटल्यासारखा. कारण तो रंग नसतोच एका अर्थी, खाली सोनेरी किंवा चंदेरी थर आणि त्यावर रंगीत काचेसारखे पारदर्शक कोट, उजेड आत जाऊन खालून परत येतो. प्रत्येक कोटाबरोबर तो गडद होत जातो, म्हणजे पेंटरचा हात एका जागी जरा जास्त रेंगाळला की तिथे पट्टा. माझ्या ५१ च्या शेवरोलेला मी पहिल्यांदा हाच रंग दिला, पेंटर नाव घेण्यासारखा नव्हता म्हणून घेत नाही, दरवाजा आणि मडगार्ड वेगवेगळे मारले त्याने. सावलीत छान. उन्हात आणली तर दरवाजा डाळिंब आणि मडगार्ड टोमॅटो. शिवाय पार्किंगमध्ये कोणीतरी ट्रॉली घासली, तर कँडीला टचअप होत नाही बाबा, अख्खी बाजू परत मारावी लागते. वरून मी ज्वाळाही काढून घेतल्या होत्या, आणि पट्टे, आणि मागच्या चाकांना झाकणं, आणि दोन स्पॉटलाइट. लग्नात सगळ्या आत्यांचे दागिने एकाच मुलीच्या अंगावर घातल्यासारखं झालं होतं. तीन वर्षांनी सगळं उतरवलं, आता ती करड्या-निळ्या रंगात आहे आणि पेट्रोल पंपावर लोक जास्त बोलायला येतात.

तर तुझ्या फोर्डचं. तिची खरी जान बाजूला आहे, सपाट सरळ अंग, म्हणून तर शूबॉक्स, म्हणजे बुटांचा खोका, म्हणतात तिला, आणि पुढे ग्रिलच्या मधोमध तो गोळा. तो गोळा काढायचा मोह होईल, निदान पहिल्या वर्षी काढू नकोस. आधी फक्त खाली आण, मागे दोन-तीन इंचाचे ब्लॉक, पुढे त्या हिशोबाने स्प्रिंग, आणि महिनाभर तशीच चालव. निम्मा बदल तिथेच होतो आणि आवडला नाही तर परत वर करता येते. मग बॉनेटवरचं चिन्ह आणि डिकीचं हँडल काढून भोकं बुजव. भोकं नुसत्या पुटिंगने भरू नकोस, वर्ष-दोन वर्षांत कडा दिसायला लागतात, पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घे. जुन्या पद्धतीने शिसं ओढणारा कोणी भेटला तर उभं राहून बघच, शिसं आणि कथलाची कांडी, गॅसची मऊ ज्योत, आणि चरबी लावलेल्या लाकडी फळीने ते लोण्यासारखं पसरवायचं. असल्या खाली आणलेल्या जुन्या गाड्यांना लेड स्लेड, म्हणजे शिशाची घसरगाडी, म्हणतात, ते नाव त्यावरूनच पडलं. फक्त आधी लावलेलं ॲसिड नीट धुतलं नाही तर सहा महिन्यांनी रंगाला फोड येतात, आणि शिसं कधीही पॉलिश पेपरने घासायचं नाही, कानशीनेच, ती धूळ पोटात जाता कामा नये. हे मी तीनदा लिहिलं तरी कमीच.

हेडलाइट फ्रेंच करायचे, म्हणजे रिंग मडगार्डला वेल्ड करून दिवा आत बसवायचा, तर पाणी बाहेर जायला खाली भोक ठेव आणि बल्ब मागून बदलता येईल असं बघ.

एवढं झाल्यावरही ज्वाळा हव्याच असतील तर कर, हौसेला मोल नाही, पण रंगाच्या आधी बारीक टेपने आखून बघ. पाव इंचाचा टेप, एक रविवार. आखून झालं की तीस पावलं मागे जा. टेप बॉनेटच्या घडीबरोबर चालला असेल तर तिथून कळतं आणि घडीला आडवा जात असेल तर फारच कळतं. चार-पाच दिवस टेप तसाच राहू दे, रोज कामावरून आल्यावर बघ. माझा अंदाज आहे की बुधवारपर्यंत तू अर्धा टेप ओढून काढशील, पण गाडी तुझी आहे.

आणि बाहेरची हँडलं काढायची ठरवलीस, सगळेच काढतात, दार आतून बटणाने उघडतं, दिसतंही झकास, तर गाडीखालून कुठेतरी हाताला लागेल अशी एक चोरवायर आधी टाकून घे. मी टाकली नव्हती. गणपतीत मंडळाच्या हॉलबाहेर बॅटरी बसली, दोन्ही दारं बंद, मागच्या सीटवर एकवीस मोदक काचेतून दिसतायत आणि आत आरती सुरू झालेली.