एचआरचे तिकीट बंद झाले, तक्रारीची मुदत मात्र चालू आहे

प्रश्न : हिंजवडीतील एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मी सहा वर्षे नोकरी करते. ऑक्टोबरपासून माझा टीम लीड माझ्या दिसण्यावरून शेरे मारू लागला आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर घाणेरडे, सूचक संदेश पाठवू लागला. ९ जानेवारीला रात्री कंपनीच्या कॅबमधून परतताना त्याने माझ्या मांडीवर हात ठेवला. १४ जानेवारीला मी एचआरला ई-मेल केला, तेव्हा त्यांनी पोर्टलवर तिकीट (तक्रारीची नोंद) टाकायला सांगितले. ‘समितीकडे गेलीस तर सगळे ऑफिशियल होईल आणि सिद्ध झाले नाही तर कारवाई तुझ्यावरच होईल,’ असे एचआर मॅनेजर म्हणाले. २ फेब्रुवारीला त्याचा आणखी एक तसाच संदेश आला. मार्चमध्ये ‘समुपदेशन केले, विषय मिटला’ असा शेरा मारून तिकीट बंद करण्यात आले. आता त्याच टीम लीडच्या अहवालावरून मला पीआयपीवर (कामगिरी सुधारण्यासाठीच्या देखरेखीच्या योजनेवर) टाकले आहे आणि पुढच्या गुरुवारी त्याच्यासोबत बसून ‘गैरसमज दूर करण्यासाठी’ बोलावले आहे. मी राजीनामा देऊन मोकळी व्हावे का? (पुण्यातील एक वाचक, १२ एप्रिल)

उत्तर : राजीनाम्याचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि आधी कॅलेंडर समोर घ्या. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या अधिनियमातील कलम ९ नुसार अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींच्या चौकशीसाठी कंपनीने नेमायच्या समितीकडे) लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. घटनांची मालिका असेल तर ही मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. कॅबमधील प्रसंग सुटा धरला, तर त्याची मुदत ९ एप्रिललाच संपली, म्हणजे तुम्ही मला पत्र लिहिलेत त्याच्या तीन दिवस आधी. परंतु २ फेब्रुवारीचा संदेश त्याच माणसाच्या त्याच वर्तनाचा भाग असल्यामुळे संपूर्ण मालिकेची मुदत २ मेपर्यंत पोहोचते. तक्रार उशिरा आली तर समिती कारणे लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंतची मुदत वाढवून देऊ शकते, आणि एचआरने तुम्हाला थोपवून धरले हे दाखवणारे ई-मेल असल्याने तुमचे कारण सबळही आहे. तरीही ती सवलत समितीच्या मर्जीवर अवलंबून आहे. हातात असलेली हक्काची मुदत सोडून सवलतीच्या भरवशावर बसू नये.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण ताजे आहे. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातील एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध केलेल्या तक्रारीत शेवटची घटना एप्रिल २०२३ ची आणि तक्रार डिसेंबर २०२३ ची होती. त्यानंतरही आपल्याला पदावरून हटवण्यासारखे निर्णय होत राहिले, म्हणून छळ चालूच होता, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि तक्रार मुदतबाह्य ठरवणारा निर्णय कायम ठेवला. तुमच्यापुरता याचा अर्थ असा की पीआयपी अलीकडचा असला, तरी मुदत त्या तारखेपासून मोजली जाईल असे गृहीत धरू नका. पीआयपीचा उल्लेख तक्रारीत अवश्य करा, कारण छळाशी जोडलेली नोकरीविषयक धमकी किंवा वाईट वागणूक हीसुद्धा कलम ३ प्रमाणे लैंगिक छळात मोडू शकते. मात्र हा दुवा तारखांनिशी दाखवावा लागेल. ऑक्टोबरपूर्वीची तुमची मूल्यांकने चांगली असतील तर तीही जोडा.

आता एचआरविषयी. एचआर विभाग म्हणजे अंतर्गत समिती नव्हे, आणि हा गोंधळ बहुतेक मोठ्या कंपन्यांत कुणी मुद्दाम दूर करत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अशी समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असते, निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा असावा लागतो. पुण्यातील कार्यालयासाठी ‘आमची समिती बेंगळुरूला आहे’ हे उत्तर चालणार नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रत्येक कार्यालयात समिती नेमण्याचे बंधन कलम ४ मध्येच आहे. अशा काही समित्यांवर मी बाहेरील सदस्य म्हणून काम केले आहे. मला सर्वाधिक खटकलेली गोष्ट हीच, की अनेकदा तक्रारदार महिला नोकरी सोडून गेल्यावर समितीला कळते की एचआरने मधल्या काळात दोन-तीन ‘समुपदेशने’ उरकली होती. एखाद्या एचआर अधिकाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. क्लायंटपुढे उभा राहणारा माणूस हलू नये, एवढीच त्याची चिंता असते. पण तुमच्या दृष्टीने परिणाम तोच.

तुमचा १४ जानेवारीचा ई-मेल मात्र वाया गेलेला नाही. घटना कंपनीला पाचच दिवसांत लेखी कळवली होती, याचा तो पुरावा आहे, आणि उद्या कुणी मुदतीचा आक्षेप घेतलाच तर सर्वांत आधी तोच कामाला येईल.

एचआर मॅनेजरने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी कायद्याच्या कसोटीवर टिकत नाहीत. प्रकरण ‘ऑफिशियल’ व्हावे यासाठीच तर समिती असते. समेटाची तरतूद कलम १० मध्ये आहे, परंतु ती फक्त तक्रारदार महिलेने स्वतःहून विनंती केली तरच, चौकशी सुरू होण्यापूर्वी आणि समितीमार्फत. पैशाची देवाणघेवाण त्या समेटाचा आधार असू शकत नाही. खोट्या तक्रारीच्या कारवाईचे म्हणाल, तर कलम १४ मध्येच स्पष्ट लिहिले आहे की केवळ आरोप सिद्ध करता आला नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही म्हणून ते कलम लागू होत नाही. त्यासाठी द्वेषबुद्धी चौकशीत सिद्ध व्हावी लागते. समितीची माहिती नसलेल्या मुलींना हे कलम अर्धेच ऐकवण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

तक्रार समितीच्या अध्यक्षांच्या नावे लिहा. समितीच्या सदस्यांची नावे कार्यालयात ठळक जागी लावणे कंपनीवर बंधनकारक आहे. बहुधा लिफ्टजवळच्या किंवा पँट्रीतल्या फलकावर ती सापडतील. मजकूर तारखेच्या क्रमाने असू द्या आणि त्याने वापरलेले शब्द, कितीही किळसवाणे वाटले तरी, जसेच्या तसे द्या. ‘अयोग्य भाषा’ अशा मोघम उल्लेखाने समितीच्या हाती काही लागत नाही. व्हॉट्सॲप संदेशांचे स्क्रीनशॉट जोडा, पण मूळ संदेश फोनमधून पुसू नका आणि शक्य असेल तर फोनही बदलू नका. कंपनीची कॅब हे कायद्याने कामाचेच ठिकाण आहे. त्यामुळे ९ जानेवारीच्या फेरीची नोंद, चालकाचे नाव आणि कॅमेरा असल्यास त्याचे चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी तक्रारीतच करा. साक्षीदारांची नावे-पत्ते द्या. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात. ई-मेल जरूर पाठवा, पण कागदी प्रती हातोहात देऊन पोच घ्या. एक सावधगिरी बाळगा : कार्यालयीन मेलमधील क्लायंटविषयक मजकूर वैयक्तिक पत्त्यावर पाठवू नका, कारण गोपनीयता भंगाच्या नावाखाली तुमच्यावरच डाव उलटवला जाऊ शकतो.

त्याच तक्रारीच्या शेवटी अंतरिम दिलाशाची स्वतंत्र मागणी करा, कारण लेखी मागणीशिवाय समिती तो देत नाही. त्याची किंवा तुमची बदली, तुमच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंतची रजा, आणि तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या अधिनियमाच्या नियमांतील नियम ८ खाली त्याला तुमच्या कामाचे मूल्यमापन करण्यास मनाई, अशा शिफारशी समिती करू शकते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच अहवालावर पीआयपी पुढे चालू नये, असे त्यात स्पष्ट लिहा. राजीनाम्याचे उत्तर इथेच मिळते. तो आज दिलात तरी तक्रारीचा हक्क संपत नाही, मात्र रजा, बदली आणि मूल्यांकनाचे संरक्षण हे सगळे निरर्थक होऊन बसते. प्रकृती किंवा मनःस्थिती साथ देत नसेल, तर राजीनाम्याऐवजी रजा मागा.

तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत त्याला प्रत जाते, उत्तरासाठी त्याला दहा कामकाजाचे दिवस मिळतात आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समितीपुढे कोणत्याही बाजूला वकील उभा करता येत नाही, म्हणून कागद आधीच नीट लावून घ्या. या काळात ना सहकाऱ्यांच्या ग्रुपवर, ना लिंक्डइनवर काही लिहा. गोपनीयतेचे बंधन तुमच्या हिताचेही आहे. समितीच अस्तित्वात नसेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत या कायद्याखालील जिल्हा अधिकाऱ्याकडे तसे लेखी कळवा. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही खासगी कंपनीतील तक्रार दाखल करता येते. चौकशीनंतरच्या शिफारशी मान्य नसतील, तर ९० दिवसांत अपील आहे. नियम धाब्यावर बसवून केलेली चौकशी मात्र दोन्ही बाजूंना महागात पडते. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्धच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात समितीने घाईघाईने उरकलेली चौकशी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रद्द केली आणि मे २००९ मध्ये ती ज्या टप्प्यावर होती तिथून पुन्हा करायला सांगितली. समिती फार सावकाश चालली आहे असे वाटले, तर हे लक्षात ठेवा.

पोलिसांकडे जायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा. कॅबमधील स्पर्श भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, समितीची चौकशी चालू असताना त्याची फिर्याद देता येते, आणि तुम्ही ती द्यायचे ठरवलेत तर मदत करणे कंपनीचे कर्तव्य आहे. त्यासाठी २ मेची घाई नाही. आधी समितीचा अर्ज द्या.

राहिला गुरुवार. त्या बैठकीला जाऊ नका, पण उत्तर न देता गैरहजरही राहू नका. आजच एचआरला एवढेच लिहा : ‘कलम १० अन्वये समेटाची कोणतीही विनंती मी केलेली नाही. माझी तक्रार मी अंतर्गत समितीकडे सादर करत आहे. त्यामुळे संबंधित व्यक्तीसोबतच्या कोणत्याही बैठकीस मी उपस्थित राहणार नाही.’ आणि या ई-मेलची प्रत समितीच्या अध्यक्षांना पाठवा.