मोटर बदलायच्या आधी कपलिंग सोडून बघा

सर्वो मोटरवर (सीएनसी मशीनचा ॲक्सिस नेमक्या जागी नेणारी मोटर) पत्रं मागवली होती, आली भरपूर. निम्म्या पत्रांत एकच रडगाणं, मोटर तापते, अलार्म येतो, सर्व्हिसवाला म्हणतो नवीन घ्या. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न : आमच्याकडे सहा वर्षं जुनी व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन) आहे, फानुक कंट्रोलर. दोन-तीन तास काम झालं की वाय ॲक्सिसला ४३६ अलार्म येतो. अर्धा तास बंद ठेवली की परत चालते. मोटर गेली असं सांगितलंय, कोटेशन बघून झोप उडाली. खरंच बदलावी लागेल का?
– एक वाचक, शिरोली, कोल्हापूर

थांबा, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू नका अजून. ४३६ म्हणजे सॉफ्ट थर्मल. यात मोटरला कोणी थर्मामीटर लावलेला नसतो, ड्राइव्ह (मोटरला करंट पुरवणारा युनिट) नुसता हिशेब करतो की एवढा करंट एवढा वेळ जातोय म्हणजे वाइंडिंग तापणारच, आणि तो अलार्म देऊन मोकळा होतो. मोटरच्या आतल्या सेन्सरने तापल्याची बोंब मारली तर सहसा ४३० येतो. म्हणजे तुमची मोटर आजारी आहे असं नाही, तिच्यावर ओझं जास्त पडतंय इतकंच आत्ता नक्की.

आधी स्क्रीनवर सर्वोचा लोड मीटर लावा, टूल हवेत ठेवा आणि वाय ॲक्सिस हळू जॉग करा (बटण दाबून हलवा), या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. आकडे वहीत लिहा. एक्स ॲक्सिसचेही घ्या तुलनेला. एकाच टोकाला लोड चढत असेल तर टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचं अलाइनमेंट किंवा त्या बाजूचं बेअरिंग बघायचं. सगळीकडे सारखाच जास्त असेल तर ऑइल, जिब (स्लाइडची फट जुळवणारी पट्टी), नाहीतर कव्हरखाली साठलेली चिप (धातूचा कीस). मग मशीन बंद करून मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग सोडा (वाय आडवा ॲक्सिस आहे म्हणून चालतंय, उभ्या झेडला असलं धाडस नको, ते पुढे येतंय) आणि मोटर एकटी फिरवा. लोड शून्याच्या आसपास आला आणि आवाज गुळगुळीत असेल तर मोटर निर्दोष. स्क्रू हाताने फिरवून बघा, हातालाच कळतं.

भोसरीत एका शॉपमध्ये अगदी हीच केस होती. कपलिंग सोडलं तर मोटर लोण्यासारखी, आणि स्क्रू मात्र दोन हातांनी हलेना. टेलिस्कोपिक कव्हर काढलं तर खाली चिप आणि कूलंटचा घट्ट थर, आणि त्याखाली ऑइलची बारीक नळी चेपून सपाट झालेली. मी सहज विचारलं टाकीत ऑइल कधी भरलं, तर ऑपरेटर कौतुकाने म्हणाला, "साहेब, आपली मशीन ऑइल पितच नाय, गणपतीपास्नं भरलं नाय." तेव्हा फेब्रुवारी चालू होता! नळी बदलली, स्लाइड धुतली, दोन दिवसांत लोड निम्म्याच्या खाली आला. मोटर अजून तीच चालू आहे. टाकीवर मार्करने रेघ मारा आणि दर सोमवारी बघा, ऑइल खाली गेलं नसेल तर काळजी करायची.

मोटरवरच संशय असेल तर मेगर करा (म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर लावा). मेन बंद, ड्राइव्हवरचा डीसी लिंकचा दिवा (आत चार्ज शिल्लक असल्याची खूण) विझेपर्यंत थांबा, पॉवर केबल ड्राइव्हकडून सोडा, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक फेज आणि अर्थ. १०० मेगओहमच्या वर असेल तर छान, १० ते १०० मध्ये म्हणजे इन्सुलेशन उतरायला लागलंय, लक्ष ठेवा. १ ते १० असेल तर मोटर शोधायला लागा, १ च्या खाली असेल तर ती मोटर लावूच नका. केबल ड्राइव्हला लागलेली ठेवून मेगर केलात तर ड्राइव्हपण हातचा जाईल, आणि एन्कोडरच्या (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) कनेक्टरला तर मेगर दाखवायचासुद्धा नाही. हो, आणि कनेक्टर उघडाल तेव्हा आत वास घ्या, कूलंटचा आंबट वास आला की समजायचं पाणी केबलवरून ओघळत आत गेलंय. केबलला कनेक्टरच्या आधी खाली एक झोळ द्या, थेंब तिथूनच गळून जातो. फुकटचा उपाय आहे पण दहातल्या आठ मशीनवर दिसत नाही.

प्रश्न : आम्ही स्वतः एक छोटी मिलिंग एसपीएम (ठरावीक कामासाठी बनवलेली खास मशीन) बनवतोय. टेबल आणि जॉब मिळून ५०० किलो, एलएम गाइड (टेबल सरकायची रेल), बॉलस्क्रू ३२ मिमी व्यासाचा, १ मीटर लांब, पिच १० मिमी (एका फेऱ्यात टेबल १० मिमी सरकतं). एक डीलर म्हणतो ८ न्यूटन-मीटरची मोटर पुरे, दुसरा म्हणतो १२ घ्या, नंतर शिव्या देऊ नका. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

दोघांचंही नको, कॅल्क्युलेटर घ्या. समजा कटिंगचा जोर ३००० न्यूटन. टॉर्क म्हणजे जोर गुणिले पिच, भागिले २π गुणिले स्क्रूची एफिशियन्सी ०.९. ३००० गुणिले ०.०१ भागिले ५.६५, आले ५.३ न्यूटन-मीटर. एलएम गाइडचं घर्षण फार नसतं, स्क्रूचा प्रीलोड आणि सील धरून थोडं वाढवा, सहाच्या आसपास. म्हणजे ८ वाला बरोबर वाटतो ना? इथेच लोक फसतात, कारण मशीन नुसती कापत नाही, पळते आणि थांबतेही.

इनर्शिया, म्हणजे वेग बदलायला होणारा विरोध, काढू. ५०० किलोचं वजन १० च्या पिचमधून मोटरला साधारण ०.००१३ किलोग्रॅम-मीटर वर्ग एवढं जाणवतं, स्क्रूचं स्वतःचं ०.०००८, मिळून ०.००२१. मोटरच्या रोटरचं ०.००१२ असेल तर गुणोत्तर पावणेदोनच्या आसपास, म्हणजे चांगलं. मशीन टूलला तीनच्या आत ठेवा असं मी सांगतो, त्यापुढे गेलं की गोल कापताना क्वाड्रंटला (जिथे ॲक्सिस दिशा उलटवतो) खुणा दिसतात आणि गेन (ड्राइव्हची चपळाई ठरवणारं सेटिंग) वाढवला की ॲक्सिस गुणगुणायला लागतो. आता रॅपिड, म्हणजे न कापता पळायचा वेग. २४ मीटर प्रति मिनिट पाहिजे तर २४०० आरपीएम, आणि तिथे ०.१ सेकंदात पोचायचं तर वरचे सगळे इनर्शिया मिळून सव्वाआठ न्यूटन-मीटर नुसते वेग घ्यायला लागतात. हा पीक आहे, मोटरचा पीक (क्षणभराचा टॉर्क) कंटिन्युअसच्या (सतत देता येणाऱ्या टॉर्कच्या) दुप्पट-तिप्पट असतो, त्यामुळे ८ ची मोटर निभावेल. पण जॉब छोटे आणि दर दोन सेकंदाला ॲक्सिस पळत असेल तर पूर्ण सायकलचा आरएमएस टॉर्क (टॉर्कच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढा आणि तो कंटिन्युअसच्या ७०-८० टक्क्यांत बसवा. नाही बसला तर १२ घ्या, पण फ्लँज, शाफ्टचा व्यास आणि ड्राइव्हचा ॲम्पिअर बदलतो का ते आधी बघा, मागच्या वर्षी एकाने मोटर मोठी घेतली आणि ड्राइव्ह जुनाच, मग मोठ्या मोटरचा उपयोग काय.

कॅटलॉग वाचायची एक युक्ती सांगतो, फानुकच्या बीटा आय-एस १२/३००० सारख्या नावात पहिला आकडा साधारण स्टॉल टॉर्क (मोटर जागेवर धरून ठेवताना देते तो) आणि दुसरा कमाल आरपीएम. साधारणच, नेमका आकडा तक्त्यातच बघायचा. आणि बसवताना कपलिंग किंवा पुली शाफ्टवर हातोडीने ठोकू नका, मागे एन्कोडर बसलाय, त्याला तो दणका थेट लागतो.

प्रश्न : दिवाळीला दहा दिवस शॉप बंद होतं. उघडल्यावर ३०६ आणि ३०० अलार्म, झिरो (ॲक्सिसची मूळ जागा) गेला. मेंटेनन्सवाल्याने बॅटरी बदलली तरी ३०० जात नाही.
– एक वाचक, वाळूज

जाणारच नाही. ३०६ म्हणजे बॅटरी संपली, ३०० म्हणजे झिरो परत सेट करा. बॅटरी एन्कोडरची मेमरी जिवंत ठेवते, ती एकदा मेली की नवीन बॅटरी टाकून जुनी आठवण परत येत नाही. ३०७ हा बॅटरी उतरल्याचा निरोप असतो, तो दिवाळीच्या आधी नक्की आला असणार आणि कोणीतरी रीसेट दाबून पुढे गेलं असणार. बॅटरी वर्षातून एकदा बदलायची, अलार्म येवो न येवो, आणि बदलताना मशीन चालू ठेवायची, इमर्जन्सी दाबून. वेगळा डबा असेल तर त्यात चार मोठे अल्कलाइन सेल असतात, घड्याळातले नाही आणि चार्जिंगचे तर अजिबात नाही.

आता झिरो परत सेट करा मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे, पण घाईत टूल चेंज करू नका. झेडचा झिरो मोटरच्या एका फेऱ्याने चुकला तर १० च्या पिचला १० मिमी वरखाली होतो आणि एटीसीचा (आपोआप टूल बदलणाऱ्या यंत्रणेचा) हात थेट स्पिंडलवर आपटतो. हळू ओव्हरराइडवर (वेग कमी करून) एकेक टप्पा बघत घ्या. झिरो मिळाला की स्लाइडवर आणि बॉडीवर समोरासमोर बारीक रेघ ओढून ठेवा, पुढच्या वेळी मला पत्र लिहावं लागणार नाही.

प्रश्न : इमर्जन्सी दाबली की झेड दोन-तीन मिमी खाली बसतो, टूल जॉबला टेकतं. ब्रेक बदलू का?
– एक वाचक, चाकण

कदाचित बदलावाच लागेल. तो ब्रेक धरून ठेवायला असतो, पळत्या ॲक्सिसला थांबवायला नाही, आणि ऑपरेटर इमर्जन्सीलाच स्टॉप बटण समजत असतील तर लायनिंग झिजतंच. पण आधी ब्रेक कंट्रोलचं पॅरामीटर चालू आहे का बघा, ब्रेक पकडेपर्यंत मोटरने काही मिलिसेकंद जोर धरून ठेवायचा असतो, ते बंद असलं की नव्या ब्रेकलाही हेड घसरणारच. २४ व्होल्टचा रिलेही बघा, कॉन्टॅक्ट चिकटला की ब्रेक उशिरा लागतो. आणि झेडची मोटर सोडायच्या आधी हेडखाली चांगला जाड लाकडी ठोकळा द्या. दोनशे किलोचं हेड मोटर निघाली की कोणासाठी थांबत नाही.

रिवाइंडिंगबद्दल तीन जणांनी विचारलंय. साध्या इंडक्शन मोटरचं रिवाइंडिंग करणाऱ्याकडे सर्वो देऊ नका, रोटरला मॅग्नेट असतात, बाहेर काढताना स्टेटरला खटकन चिकटतात, आणि एन्कोडर त्याच कोनात परत बसला नाही तर मोटर बेफाम धावते किंवा नुसतीच थरथरते. सर्वोच रोज करणारा माणूस असेल तरच द्या, आणि परत आल्यावर बेंचवर फिरवून दाखव म्हणा, मगच पैसे.