‘सॅलरी’ हा शब्द रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं म्हणून आला, हे खरं आहे का?

अर्धंच. ‘सॅलरी’ लॅटिनमधल्या ‘सालारियुम’वरून आला आणि त्यात ‘साल’ म्हणजे मीठ आहे, यात वाद नाही. पण सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवायचे, असं एकाही रोमन लेखकाने लिहिलेलं नाही.

गोष्टीचं मूळ थोरला प्लिनी या रोमन लेखकाच्या एका वाक्यात आहे. पहिल्या शतकातल्या ‘नातुरालिस हिस्तोरिया’ या त्याच्या ग्रंथात, ३१व्या भागात, मिठाचे गुण गाता गाता तो म्हणून जातो की मानमरातबात आणि लष्करी सेवेतही मिठाचा संबंध येतो, ‘सालारियुम’ हे नाव त्यावरूनच पडलं. बस्स, एवढंच. मीठ द्यायचे की मिठासाठी पैसे, हे तो सांगत नाही. कोशांत सापडणारा ‘मिठाचा भत्ता’ हा अर्थ नंतरच्या लोकांनी केलेला तर्क आहे.

शिपायाच्या पगाराला रोमन लोक ‘स्तिपेन्दियुम’ म्हणत आणि तो नाण्यांत मिळे. सम्राट ऑगस्टसच्या काळात वर्षाला २२५ देनारियुस (चांदीची नाणी), तीन हप्त्यांत. इ.स. १४मध्ये पॅनोनिया या रोमन प्रांतातल्या पलटणींनी बंड केलं. त्यांची तक्रार रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवली आहे: आमच्या जिवाची किंमत रोजचे दहा आस, आणि कपडे, हत्यारं, तंबू त्यातूनच घ्यायचे! (आस म्हणजे तांब्याचं नाणं, तेव्हा १६ आसांचा एक देनारियुस.) मिठाचं नावही नाही.

मीठ तेव्हा सोन्याच्या भावाने विकायचं, हेही सोडून द्या. इ.स.पू. २०४मध्ये रोममध्ये त्याचा दर आसाचा सहावा हिस्सा होता, असं रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. त्या वर्षी मिठावर नवा कर बसला. त्याचं खापर मार्कुस लिव्हियुस या सेन्सॉरवर (जनगणना आणि सरकारी महसूल पाहणारा रोमन अधिकारी) फुटलं आणि लोकांनी त्याला ‘सालिनातोर’, म्हणजे मीठवाला, हे नाव चिकटवलं.

खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या कानांना ती मिठाची गोष्ट चटकन पटते, हे मात्र मान्य. आता लॅटिनचाच विषय आहे तर आपला ‘पगार’ही तिथलाच. तो पोर्तुगीज ‘पागार’मधून, म्हणजे पैसे चुकते करणे यातून आला. त्याच्या मागे लॅटिन ‘पाकारे’, शांत करणे. देणं फेडून सावकाराला गप्प बसवायचं, असा तो प्रवास.